रत्नमालाच्या डाव्या हाताचं चीज

मी, सुलेखा सर्जेराव खिल्लारे, वय सदुसष्ट, एका कन्याशाळेची निवृत्त क्रीडाशिक्षिका, राहणार पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं, स्वतःच्या अक्षरात आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझं डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बिघडलं आहे ते स्वादुपिंड, आणि त्याचा वाटणीशी काही संबंध नाही. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. माझी वकील आणि एके काळची विद्यार्थिनी ॲडव्होकेट मोनाली हिवराळे हिनं बजावलं आहे, "मॅडम, मोजकं लिहा. उद्या कोर्टात वाचायची वेळ आली तर सोपं जातं." मोजकं लिहायचा प्रयत्न करते. जमेलच असं नाही.

१. माझं लग्न झालेलं नाही, मूलबाळ नाही. धाकटा भाऊ वारला. त्याचा मुलगा सम्यक आणि सून रूपाली माझ्याजवळ राहतात. घरात चौथं माणूस आहे ते श्रीमती रत्नमाला राजेंद्र शेळके, वय सहासष्ट. तिचं माझं रक्ताचं नातं नाही. ती वैजापूरकडच्या जमीनदार मराठ्यांची लेक, मी छावणीतल्या बौद्ध माळ्याची. सम्यकनं मला मागं विचारलं, "आत्या, लोक इचारतेत, ही बाई तुमची कोण लागती. मी काय सांगू?"

कायद्याच्या भाषेत ती माझी कोणीही लागत नाही. म्हणूनच हा कागद करावा लागतो आहे.

२. आमची ओळख इथं लिहून ठेवणं भाग आहे, कारण ती ठाऊक असलेली दोनच माणसं होती आणि त्यातली एक ती विसरली आहे.

माझे वडील सर्जेराव छावणीतल्या एका क्लबात माळी होते. क्लबाचं टेनिस कोर्ट तेव्हा शेणानं सारवलेलं असायचं. ते सारवायला माझी आई गीताबाई जायची. सारवण वाळलं की वडील चुन्याच्या रेघा ओढायचे, आणि मग मेंबर मंडळी यायची. पांढऱ्या चेंडूवर हिरवट डाग पडायचे. ते ओल्या फडक्यानं पुसायचं काम माझं. पुसता पुसता मी क्लबाच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारायला शिकले, टाकून दिलेल्या रॅकेटनं.

आप्पासाहेब वाघचौरे जीपमधून यायचे. त्यांनी मुलाला खेळवायला आणलं होतं, पण मुलगा कंटाळला आणि त्याच्या जागी त्याची धाकटी बहीण रत्ना कोर्टावर उतरली. तिच्याशी खेळायला कोणी मिळेना. तिनं मला भिंतीपाशी पाहिलं.

"ए, तुला येतं का?"

"येतं."

"मग इकडं ये की. भिंत काय हरत नाय."

मी वडिलांकडं पाहिलं. वडिलांनी आप्पासाहेबांकडं पाहिलं. आप्पासाहेब जीपच्या दारात बसून पान लावत होते. ते मान वर न करता म्हणाले, "खेळू दे रे." त्या तीन शब्दांवर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे, हे मी नाकारत नाही.

रत्ना डावखुरी होती. घरात तिला जेवताना डाव्या हातावर चापट बसायची, कोर्टावर मात्र तो हात कोणी अडवला नाही. तिची सर्व्हिस मी इतक्या वेळा पाहिली तरी मला कधी नीट कळली नाही. चेंडू आपल्याकडं येतोय असं वाटायचं आणि टप्पा पडला की तो बाजूला निघून जायचा, कोणी हाक मारल्यासारखा. ती जोर लावायची नाही. आम्ही बाकीच्या पोरी घामाघूम व्हायचो आणि ती अंगणात रांगोळी घातल्यासारखी खेळायची.

आम्ही दुहेरीची जोडी म्हणून राज्याची ज्युनिअर स्पर्धा जिंकली. पुढं मद्रासला राष्ट्रीय स्पर्धेत उपान्त्य फेरीपर्यंत गेलो. एकेरीत रत्नानं जिला हरवलं ती मुलगी नंतर देशाकडून खेळली. तिथल्या एका वयस्क कोचनं आम्हा दोघींना बंगलोरच्या उन्हाळी शिबिराला बोलावलं. मला त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की, तुला जोडी म्हणून बोलावतोय. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तिच्या शेजारी उभं राहायला मिळणं हे मला पुरेसं होतं.

त्या उन्हाळ्यात रत्नाचं लग्न झालं. तिला सतरावं लागलं होतं.

वडील डोक्यावरची टोपी हातात घेऊन आप्पासाहेबांकडं गेले. मी फाटकाशी उभी होते, मला ऐकू येत होतं.

"सायेब, एक साल थांबा. लेकराच्या हातात लई गुण हाय."

"सर्जेराव, पोरगी तयार हाय. तिलाच इचार."

वडिलांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. बाप असं म्हणतो तेव्हा ते खोटं असतं, अशी माझी खात्री होती.

मी बंगलोरला एकटी गेले. जोडीसाठी मला रोज नवी मुलगी दिली जायची. त्यात कोणाचा दोष नव्हता. दोन हंगाम खेळून मी परत आले, शिक्षण पूर्ण केलं, आणि ज्या शाळेत नोकरी लागली तिथं टेनिसचं कोर्ट नव्हतं. मी मुलींना कबड्डी आणि खो-खो शिकवला. चांगला शिकवला. मोनालीला विचारा, तिची पकड अजून सुटत नाही.

३. आता माझ्या रागाची व्यवस्था लावते.

आप्पासाहेब वाघचौरे यांच्यावर माझा राग होता. त्यांचं निधन झालं तेव्हा मी भेटायला गेले नाही. क्रांती चौकातून जाताना त्यांच्या घराकडं मी मान वळवत नसे. ज्या माणसानं "खेळू दे रे" म्हटलं, त्यानंच तिचा हात चुलीत घातला, असं मी चारचौघांत बोलत असे.

नवऱ्याच्या, राजेंद्ररावांच्या माघारी रत्ना कन्नड तालुक्यातलं सासरचं गाव सोडून मुलाकडं, इंद्रजीतकडं शहरात राहायला आली. मला ती शहागंजात भेटली, कापडाच्या दुकानात परकराचं कापड दाताखाली धरून पाहत होती. आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून रडलो. दुकानदारानं आम्हाला आत बसवून पाणी दिलं.

मी तिच्या मागंच लागले. एकदा तरी खेळ म्हटलं. शेवटी एका सकाळी ती गारखेड्याच्या क्रीडा संकुलात आली. साडीचा काष्टा मारला, रूपालीचे बूट घातले. चोपन्न वर्षांची बाई. पहिले काही चेंडू नेटमध्ये गेले. मग तिनं सर्व्हिस केली, आणि चेंडू टप्पा पडून बाजूला निघून गेला. शेजारच्या कोर्टावरची पोरं खेळायचं थांबून पाहत राहिली. मला वाटलं, एवढी वर्षं हे कुठं होतं?

बाकावर बसून पाणी पिताना मी म्हणाले, "रत्ना, तुझ्या बापानं तुझं वाटोळं केलं."

तिनं पाण्याची बाटली खाली ठेवली. "आप्पांनी? आप्पांनी तर इचारलं होतं मला. म्हणले, बंगलोरला जायचं का लगीन करायचं, तुझं तू सांग. मीच म्हणलं, लगीन."

"का?"

"मला लई भ्या वाटायचं, सुले. सामन्याच्या आधी ओकायचे मी. माझी येणी कोण धरायचं? तूच ना? तिकडं गेले असते तर रोजच ओकावं लागलं असतं. लगीन ठरलं आन् त्या रातीला मी पयल्यांदा निवांत झोपले."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू मला लगीन करू दिलं असतंस व्हय?"

तिनं बूट काढले, पायाची बोटं मोकळी केली, आणि पुन्हा कधी कोर्टावर आली नाही.

तिची वेणी मीच धरत होते. मला वाटायचं परगावचं पाणी बाधतं.

म्हणून या कलमान्वये आप्पासाहेब वाघचौरे यांच्यावरचा माझा राग मी बिनशर्त मागं घेत आहे. त्यांच्या वारसांपैकी कोणी हे वाचलं तर त्यांच्या फोटोपाशी माझ्या नावानं एक फूल ठेवावं. रत्नाच्या आईच्या, मनकर्णाबाईंच्याही फोटोपाशी ठेवावं. डाव्या हातावर चापट त्यांनीच मारली होती, पण मी बंगलोरला निघाले तेव्हा दशम्या बांधून देणाऱ्याही त्याच होत्या.

आप्पासाहेबांचा राग मागं घेतल्यावर तो रत्नावर गेला. ज्याच्यासाठी मी दोन्ही हात दिले असते ते तिच्या एका हातात होतं, आणि तिला ते नकोच होतं. हे तिच्याशी एकदा नीट भांडायचं मी ठरवलं होतं. आज भांडू, उद्या भांडू करता करता राहिलं. मग ती आजारी पडली. आता ती समोर बसते, मी वाढलेलं खाते, पण जिच्याशी भांडायचं होतं ती या घरात नाही. हा राग कोणाच्या नावे करावा ते मला सुचलेलं नाही. तो माझ्याबरोबरच जाईल.

४. ती माझ्याकडं कशी आली, हे इंद्रजीतबद्दल कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून लिहिते.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी दारात रिक्षा थांबली. रिक्षावाले चाचा म्हणाले, "मॅडम, ये अम्मा शहागंज में बैठे थे, घर का पता नहीं बता रै. बस बोल रै, सर्जेराव की सुले के पास जाना, पुंडलिकनगर." आत रत्ना बसली होती. चप्पल एकाच पायात. मला पाहून म्हणाली, "बाई, इथं सुलेखा ऱ्हाती का?"

मी म्हणाले, "राहते. आत या."

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. त्यानंतर काही महिन्यांत इंद्रजीतची बदली पुण्याला झाली, नवरा-बायको दोघं नोकरीला, सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. तिथं ती गॅलरीच्या कठड्याला पाय लावताना एकदा सापडली होती. तो माझ्याकडं आला आणि खुर्चीच्या टोकावर बसला.

"मावशी, एक चांगलं केंद्र आहे. तिथं ठेवायचं म्हणतोय. रविवारी भेटता येतं."

"माझ्याकडं ठेव."

"मावशी, तुम्ही एकट्यानं कसं करणार?"

"आम्ही जोडी आहोत," मी म्हणाले. त्याला त्याचा अर्थ कळला नाही. तेव्हा मला समजलं की आई काय खेळायची हे या मुलाला ठाऊकच नाही. मी सांगितलं. मग तो म्हणाला, "लहानपणी आम्ही अंगणात बॉल आणला की आई म्हणायची, बाहेर जाऊन खेळा, मला आवाज सहन होत नाही." आणि तो तोंड झाकून रडला.

इंद्रजीत वाईट मुलगा नाही. त्याला दोष देणाऱ्यानं आधी आपल्या घरी अशी आई सांभाळावी आणि मग बोलावं. रत्नाची लाकडी रॅकेट तिनं लग्नाच्या आधी माझ्याकडं दिली होती. लाकूड वाकू नये म्हणून ती चौकटीत आवळलेली आहे, जाळीची तात तुटली आहे. ती मी इंद्रजीतला देत आहे.

५. आमचे चषक आणि ढाली भंगारात द्याव्यात. आमच्या नावे स्पर्धा, पुरस्कार, कोनशिला यांतलं काहीही करू नये. त्याचं कारण असं.

दोन वर्षांपूर्वी एका संस्थेनं विस्मृतीत गेलेल्या खेळाडूंचा सत्कार ठेवला. मी रत्नाला चापूनचोपून साडी नेसवून नेलं. आम्हाला शाल-श्रीफळ दिलं. मग एक वक्ते उभे राहिले. आम्हाला त्यांनी कधी खेळताना पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "या दोन भगिनींच्या गुणांचं चीज झालं नाही. परिस्थितीनं यांचं सोनं होऊ दिलं नाही." त्यांचा आवाज जड झाला. सभागृहात बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. रत्ना इकडं तिकडं पाहत होती. तिनं मला कोपर मारलं आणि माइकात जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, "कोण वारलं गं?"

"कोणी नाही. बस."

"मग ह्ये रडतेत कशाला?"

मी तिला घेऊन घरी आले. पण त्या वक्त्यांचा प्रश्न काही पाठ सोडत नाही. चीज झालं का? या आजारपणात वेळ पुष्कळ आहे, म्हणून उत्तर लिहून ठेवते.

माझं झालं. माझ्यात जेवढं होतं तेवढं सगळं मी खेळले, तळाचा गाळ लागेपर्यंत उपसलं. ते थोडं होतं. परिस्थिती, जात, गाव, हे सगळं आडवं आलं, ते मी विसरलेले नाही आणि कोणाला विसरू देणारही नाही. पण बंगलोरला पहिल्या आठवड्यातच मला कळलं होतं की हे सगळं आडवं आलं नसतं तरी मी फार लांब गेले नसते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. लोक हळहळायचे ते मी ऐकून घ्यायची. बरं वाटायचं.

रत्नाचं झालं नाही. पण तो हात तिचा होता. त्याचं काय करायचं ते तिनं ठरवलं. त्या हातानं तिनं राजेंद्ररावांची शेवटची चार वर्षं शुश्रूषा केली, गोठ्यातली अडलेली गाय सोडवली, गावातल्या पोरींच्या लग्नात रुखवतं मांडली. तिला कधी पस्तावा झाला नाही, असं ती म्हणाली आणि मी तिच्यावर विश्वास ठेवते. हे असं लिहिते खरी. वाचून पाहिलं तर बरोबरही वाटतं. तरी रात्री डोळा लागायच्या आत ती सर्व्हिस दिसते, टप्पा पडून बाजूला जाणारा चेंडू दिसतो, आणि काही केल्या पटत नाही.

गेल्या महिन्यात टीव्हीवर टेनिस चालू होतं. ती बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "ह्या बाया काय करतेत?"

"खेळतायत."

"कशाला?"



६. पुंडलिकनगरमधील माझं स्वकष्टार्जित घर, खालच्या दोन व वरच्या दोन खोल्या, जागेसह, मी माझी भाचेसून नव्हे तर लेकच अशा रूपाली सम्यक खिल्लारे हिच्या एकटीच्या नावे करत आहे. सम्यकला हे लागलं. तो म्हणाला, "आत्या, घर माझ्या नावावर का नाय? मी काय परका हाय?" त्याला मी तेव्हा सांगितलं तेच इथं लिहिते. बाळा, तू माझ्या भावाचा जीव आहेस. पण रत्ना तोंड मिटून बसते तेव्हा तिला घास कोण भरवतं? घर त्या हाताचं.

शर्त एकच. श्रीमती रत्नमाला शेळके यांना खालच्या, रस्त्याकडच्या खोलीत हयात असेपर्यंत राहण्याचा पूर्ण हक्क राहील. त्या असेपर्यंत घर विकता येणार नाही, पाडता येणार नाही, गहाण ठेवता येणार नाही. इंद्रजीतनं याला दोन्ही साक्षीदारांसमोर होकार दिला आहे. तो कधीही येऊ शकतो, राहू शकतो, आणि पुढं त्याला आईला नेणं जमलं तर त्याला अडवू नये. बँकेतली शिल्लक रत्नाच्या औषधपाण्याला आणि दिवसा सोबतीला येणाऱ्या गोजरबाईंच्या पगाराला वापरावी. त्यातून उरेल ते सम्यकचं.

रत्नाला डाव्या हातानं जेवू द्यावं.

७. माझा देह घाटी रुग्णालयाच्या शरीररचना विभागाला द्यावा. गुडघे अगदीच कामातून गेलेले आहेत, त्याबद्दल विद्यार्थ्यांनी सांभाळून घ्यावं. घरी त्रिशरण-पंचशील म्हणावं. एवढं पुरे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲडव्होकेट मोनाली हिवराळे यांनी करावी.

८. हे शेवटचं कलम रूपालीच्या सांगण्यावरून घालते आहे. काल ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "आत्या, तुम्ही दवाखान्यात जाता तेव्हा रत्नामावशी दारात बसून विचारतात, ती बाई कुठं गेली. मी सांगते, येतील संध्याकाळी. पण पुढं मी काय सांगू?" आणि भाजीचं ताट बाजूला ठेवून ती आत निघून गेली.

रूपाली, तिला मी मेले असं सांगू नकोस. तू सांगशील, ती रडेल, विसरेल, आणि पुन्हा विचारेल. मग तुला पुन्हा सांगावं लागेल. एकाच माणसाला इतक्यांदा मारू नये. सांग, बाई शाळेत गेल्यात, येतील. ती बरं म्हणेल. काही दिवस रोज विचारेल. मग अधूनमधून विचारेल. मग एक दिवस विचारायची थांबेल. तेव्हा तू आठवण करून देऊ नकोस. माझा फोटो तिच्या खोलीत असेल तर तो काढून वर न्यावा, आणि तिच्यासमोर माझं नाव घेऊ नये.

ज्या दिवशी तिनं विचारलं नाही, त्या दिवशी या मृत्युपत्राची अंमलबजावणी पूर्ण झाली असं समजावं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, आणि शुद्धीवर असताना खाली सही केली.

(सही)
सुलेखा सर्जेराव खिल्लारे

आमच्यासमोर सही केली. त्यांच्या समक्ष व एकमेकांच्या समक्ष आम्ही सह्या केल्या. या कागदान्वये आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: (सही) धम्मपाल मोकळे, निवृत्त मुख्याध्यापक, राहणार पुंडलिकनगर

साक्षीदार २: (सही) माऊली तांगडे, औषध विक्रेते, राहणार गारखेडा

स्थळ: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५